‘नीलदर्पण’ आणि रेव्हरंड लाँग

धर्मगुरूने आपले काम वेदी आणि व्यासपीठ यांपुरतेच ठेवावे, की रयतेची गाऱ्हाणी घेऊन सरकारदरबारीही उभे राहावे? हा वाद आजचा नाही. १८६१ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्याची जाहीर सुनावणी झाली. आरोपीच्या पिंजऱ्यात होते अँग्लिकन पंथाचे रेव्हरंड जेम्स लाँग.

लाँग मूळचे आयर्लंडचे. चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने ते १८४० साली कलकत्त्यास आले. बंगाली भाषेचा त्यांना मोठा व्यासंग होता. त्या भाषेतील छापील ग्रंथांची एक वर्णनात्मक सूची त्यांनी १८५५ साली प्रसिद्ध केली. लोकांच्या मनात काय आहे हे त्यांच्याच भाषेतील पुस्तकांतून वाचावे, अशी त्यांची धारणा होती. १८५७ च्या उठावाने सरकार बेसावध गाठले गेल्यावर ती अधिकच दृढ झाली.

त्या काळी बंगालमधील निळीचे युरोपीय मळेवाले शेतकऱ्यास आगाऊ रक्कम देऊन बांधून घेत. भाताच्या जमिनीत नीळ पेरावी लागे, दर मळेवाल्याचा असे आणि कर्ज बापाकडून मुलाकडे जाई. नकार देणाऱ्याच्या वाट्यास मारहाण व डांबून ठेवणे येई. १८५९ साली नदिया व आसपासच्या जिल्ह्यांत रयतेने नीळ पेरण्यास साफ नकार दिला. १८६० साली सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यात मिशनऱ्यांचा एक प्रतिनिधी होता आणि लाँगसह काही मिशनऱ्यांनी आयोगापुढे साक्षही दिली. मिशनरीच रयतेला चिथावतात, अशी ओरड मळेवाल्यांनी केली.

त्याच वर्षी टपाल खात्यातील दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक लेखकाच्या नावावाचून ढाक्यात प्रसिद्ध झाले. लाँग यांनी त्याच्या इंग्रजी भाषांतराचे प्रकाशन अंगावर घेतले. हे भाषांतर मायकेल मधुसूदन दत्त यांचे, असे परंपरेने मानले जाते. बंगाल सरकारचे सचिव सेटन-कार यांच्या संमतीने सुमारे ५०० प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील २०० हून अधिक प्रती सरकारी टपालातून रवाना झाल्या. इथे टीकेला जागा होती, हे मान्य केले पाहिजे. लेफ्टनंट गव्हर्नर ग्रँट यांनी या वाटपास परवानगी दिली नव्हती, आणि सरकारी शिक्क्यामुळे एका नाटकास राजमान्यतेचा आभास आला.

मळेवाल्यांच्या संघटनेने आणि ‘इंग्लिशमन’ पत्राच्या संपादकाने फिर्याद केली. संपादकाचा राग प्रस्तावनेवर होता. हजार रुपयांच्या लोभाने दोन वृत्तपत्रांनी गरिबांना मळेवाल्यांच्या हवाली केले, असे सांगताना एका हिंदू नाटककाराने दाखला दिला होता तो तीस नाण्यांसाठी प्रभू येशूला विकणाऱ्या यूदाचा! ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समाजासमोर त्याच्याच शुभवर्तमानाचा आरसा धरला गेला होता. तो झोंबणारच.

प्रथम मुद्रकावर खटला झाला. त्याला वाचवण्यासाठी लाँग यांनी स्वतःचे नाव पुढे करू दिले. भाषांतरकाराचे नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत उघड केले नाही. लोकांचे मत राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचवणे हे शांततेचेच काम आहे, असे त्यांनी न्यायालयास सांगितले. ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. न्यायमूर्ती मॉर्डंट वेल्स यांनी २४ जुलै १८६१ रोजी एक महिना कैद व १००० रुपये दंड अशी शिक्षा फर्मावली. महाभारताचे बंगाली भाषांतर करवणारे कालीप्रसन्न सिंह यांनी तो दंड तत्काळ भरला. कैद मात्र लाँग यांनी स्वतः भोगली. पुढे सेटन-कार यांनाही सचिवपद सोडावे लागले.

लाँग यांनी सत्ता मागितली नाही, पक्ष काढला नाही, की रयतेच्या दुःखाचा उपयोग बाप्तिस्म्याची संख्या वाढवण्यासाठी केला नाही. ज्यांचा आवाज दरबारी पोहोचत नव्हता त्यांचे म्हणणे त्यांनी पोहोचवले आणि त्याची किंमत दुसऱ्यावर न ढकलता स्वतः मोजली. धर्मगुरूच्या सार्वजनिक कार्याची पारख याच दोन गोष्टींवर करावी: तो कोणासाठी बोलतो, आणि बोलल्याचे परिणाम कोण सोसतो. पंथ कोणताही असो, ही कसोटी बदलत नाही.