इन्सुलिन हलाल की हराम? आधी ते बनतं कसं ते पाहू

"शुगरचं इंजेक्शन घेऊ नका, उसमें सुअर होता है." हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत आजही ऐकू येतं. एके काळी त्यात तथ्य होतं. १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं आणि तो वाचला. पुढची साठेक वर्षं हे औषध कत्तलखान्यातल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलं जाई. म्हणजे अडचण फक्त मुसलमानांची नव्हती. पर्याय नसेल तेव्हा जीव वाचवणं आधी, हे शरियतचं तत्त्व तेव्हा उपयोगी पडलं.

सुटका झाली ती पेशीचं काम समजल्यामुळे. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत दाखवून दिलं की इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. माणसाचं आणि डुकराचं इन्सुलिन यांत फरक फक्त एका अमिनो आम्लाचा. पण पेशी या दोन साखळ्या जोडते कशी? १९६७ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांना उत्तर सापडलं: ती जोडतच नाही! बीटा पेशी आधी एकच लांब साखळी विणते, तिची घडी घालून टाके मारते आणि मग मधला तुकडा कापून काढते. तयार इन्सुलिन बारीक पिशव्यांत साठवलं जातं. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की पेशीत कॅल्शियम शिरतं, पिशव्या पेशीच्या भिंतीला चिकटून उघडतात आणि इन्सुलिन रक्तात उतरतं. कापलेला तुकडाही सोबत येतो. त्यालाच 'सी-पेप्टाइड' म्हणतात. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं, हे डॉक्टर त्याच्या तपासणीवरून ओळखतात.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी जिवाणूंकडून दोन्ही साखळ्या वेगवेगळ्या बनवून घेतल्या आणि नंतर जोडल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत या मानवी इन्सुलिनला परवानगी मिळाली. पुढे कारखान्यांनीही पेशीचीच युक्ती उचलली: अखंड साखळी बनवा, मग कापा.

आज बाजारातलं बहुतेक इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं असतं. लेबलवर 'आर-डीएनए' असा उल्लेख सापडतो. शंका असेल तर लेबल वाचा, डॉक्टरांना विचारा. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या ऐकीव माहितीवर कुणाच्या अम्मीचं इंजेक्शन बंद करू नका. जीव ही अल्लाहची अमानत आहे.