बेलिनी: एक उधारी, एक चित्रकार आणि पांढरा पीच

व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये रात्री जेवायला बसलेल्या मंडळींच्या टेबलावर बहुतेक वेळा पहिल्यांदा येतो तो एक छोटा, सरळ ग्लास. आत फिकट गुलाबी, जरासं दाटसर पेय आणि वर बारीक फेस. हे बेलिनी. पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को ही फसफसणारी वाइन, एवढाच त्यातला ऐवज.

या पेयाची कथा एका उधारीपासून सुरू होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जुझेप्पे चिप्रियानी व्हेनिसमधल्या एका हॉटेलात बार सांभाळत होते. बोस्टनहून आलेला हॅरी पिकरिंग हा तरुण तिथला रोजचा गिऱ्हाईक. एकाएकी तो यायचा थांबला. चिप्रियानींनी विचारपूस केली, तेव्हा कळलं की घरून येणारे पैसे बंद झालेत. त्यांनी स्वतःजवळचे १०,००० लिरा त्याच्या हातावर ठेवले. पुढे बराच काळ त्याचा पत्ता नव्हता. १९३१ साली मात्र पिकरिंग परत आला, कर्ज फेडलं आणि वर आणखी ४०,००० लिरा दिले, चिप्रियानींनी स्वतःचा बार काढावा म्हणून. सान मार्को चौकाजवळच्या वाल्लारेस्सो गल्लीत, दोरखंडांच्या एका जुन्या गोदामात तो बार त्याच वर्षी मे महिन्यात उघडला आणि त्याला नाव मिळालं हॅरीचं. विश्वासाने दिलेल्या पैशाचं याहून चांगलं फळ मला तरी ठाऊक नाही.

बेलिनी इथलंच अपत्य. पेय आधी जन्मलं, बारसं मागाहून झालं. १९४९ साली व्हेनिसच्या डोजच्या, म्हणजे जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, राजवाड्यात पंधराव्या शतकातला चित्रकार जोव्हान्नी बेलिनी याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच सुमाराला चिप्रियानींनी पेयाला त्याचं नाव दिलं. बेलिनीच्या एका चित्रातल्या संताच्या वस्त्राचा गुलाबी रंग त्यांना या ग्लासात दिसला, असं सांगतात. कच्च्या गोमांसाच्या पातळ कापांनाही त्यांनी कार्पाच्चो या व्हेनिसच्याच चित्रकाराचं नाव दिलं. रंगासाठी नावाजलेल्या चित्रकारांच्या गावात ही नावं शोभूनच दिसतात.

कृती साधी, पण मनमानी चालत नाही. पीच पांढराच हवा. पिवळ्याने रंग नारिंगी होतो आणि तो नाजूक सुवास हरवतो. गर चाळणीतून काढून थंडगार करायचा. काळा पडू नये म्हणून हवं तर लिंबाचे दोन थेंब. मग प्रोसेक्को हळूहळू ओतायची, नाहीतर फेस उतू जातो. शँपेन घालू नये, तिची यीस्टची चव फळावर कुरघोडी करते. प्रोसेक्को व्हेनिसच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवरची, हलकी, पीचला मोकळी जागा देणारी.

पूर्वी हे पेय उन्हाळ्यातच मिळे. आता गोठवलेला गर बारा महिने मिळतो आणि जगभरची इटालियन रेस्टॉरंट्स तो वापरतात. डब्यातल्या आमरसाने हापूसची हौस जितकी भागते, तितकीच त्याने बेलिनीची भागते. म्हणून कधी इटालियन रेस्टॉरंटात बेलिनी मागवलंत, तर आधी एवढं विचारा: पीच ताजा आहे का, आणि पांढरा आहे का? उत्तर नाही आलं, तर नुसती प्रोसेक्को घ्या.