वाशिमच्या राजाचा समुद्र

बिनकथानकाची, पाल्हाळाने चालणारी कादंबरी आपल्याकडे युरोपातून आली, असं सर्रास सांगतात. आधी लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ (1759–67), मग विसावं शतक, मग आपली ‘कोसला’ (1963). ही वंशावळ मला मान्य नाही. तिचा मूळपुरुष वाशिमचा आहे.

वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 साली इथे ताम्रपट सापडला आणि ही शाखा उजेडात आली. संस्थापक सर्वसेन, चौथ्या शतकातला. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ रचलं. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, ही त्याची कथा. काव्य हरवलं, इतरांनी उद्धृत केलेली पद्यं तेवढी उरली.

बाराव्या शतकात गुजरातचे आचार्य हेमचंद्र काव्यदोष सांगताना नेमकं हेच काव्य पुढे ओढतात. कृष्ण निघालाय सत्यभामेची समजूत काढायला, आणि कवी गलितक हे प्राकृत वृत्त रचण्याच्या नादात मध्येच समुद्राचं लांबलचक वर्णन करत बसतो. कथेच्या अंगावर आवाळूच! समुद्र कुठे, वाशिम कुठे! पण हेमचंद्रांचं निदान अचूक आहे: रचनेची गोडी लागली म्हणून कथा थांबली. प्रयोगशील लेखक आजही याच कारणाने थांबतो.

त्यांचा निकाल मात्र मला पटत नाही. द्वारका समुद्रकाठचीच; कृष्णाच्या घरी समुद्र परका कसा? शिवाय नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने हेच काव्य वाखाणलं होतं. घडलेली हकीकत इतिहास सांगतोच, कवीने रसासाठी ती खुशाल बदलावी, असं तो म्हणतो आणि दाखला देतो कालिदासाच्या जोडीने सर्वसेनाचा. कथा बदलणं वेगळं, सोडणं वेगळं, असा आक्षेप कुणी घेईल. बरोबर आहे. तरी पहिलं पाऊल तेच.

दुसरा दावेदार ‘लीळाचरित्र’. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी जमवलेल्या त्या लीळांना बांधीव कथानक नाही. पण त्या जिथे लिहिल्या गेल्या, ते रिद्धपूरही वाशिमसारखं वऱ्हाडातच! मधली नऊशे वर्षं ही रीत कथेकऱ्यांनी तोंडी जपली असावी, असा माझा नुसता तर्क आहे.

मग आज असं लिहावं का? जरूर लिहावं, पण सर्वसेनासारखी गोडी लागली असेल तर. कथानक जमत नाही म्हणून घातलेला घोळ वाचवत नाही. वाशिमच्या मास्तरांनी ‘हरिविजया’ची उरलेली पद्यं एकदा वर्गात वाचून दाखवावीत.