लहान रूळ, मोठा रूळ आणि मधला धक्का

उदगीरचा रूळ ब्रॉडगेज, रुंदी १६७६ मिलिमीटर. १९११ साली लातूरला पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे मात्र अवघी ७६२ची. त्यामुळे लातूरहून मुंबईकडे निघालेले पोते कुर्डुवाडीला उतरे आणि हमालाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढे.

त्या मालधक्क्याची प्रतिकृती १:८७ प्रमाणात उभारायची, तर रूळ १९.३ आणि ८.८ मिलिमीटरचे हवेत. बाजारात सहज मिळतो तो १६.५चा, म्हणजे युरोपातल्या १४३५चा. लहान रुळाला ९चा खपून जाईल. मोठ्याला ही तडजोड माझ्या मते करू नये. दोन मापांतील तफावत हाच त्या जागेचा इतिहास आहे. बाभळी (आपल्याकडे काय तोटा!) मागाहून लावाव्यात, आधी मधला धक्का आखावा, त्यावर पोत्यांची थप्पी आणि वाकलेला हमाल ठेवावा. मूळ लहान रूळ रुंदीकरणात केव्हाच उखडला गेला.