आवा : एका शब्दाची आणि एका ढिगाची कुळकथा
कुंभाराने घडवून वाळवलेली मडकी इंधनात रचून एकाच वेळी भाजण्यासाठी जो ढीग केला जातो, त्याला मराठीत ‘आवा’ म्हणतात, आणि या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘आपाक’ या शब्दात आहे. ‘पच्’ म्हणजे शिजवणे या धातूपासून झालेल्या या शब्दातला ‘प’ प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडून ‘व’ झाला, शेवटचा ‘क’ गळून गेला आणि आवा उरला; दीपकाचा दिवा झाला तो याच वाटेने. ‘पक्का’ हा शब्दही त्याच धातूच्या ‘पक्व’ या रूपातून आलेला असल्याने पक्का रस्ता आणि पक्का हिशेब हे शब्दप्रयोग मुळात शिजण्याच्याच भाषेतले ठरतात. ‘भट्टी’ मात्र वेगळ्या कुळातली आहे. धान्य भाजण्याच्या पात्राला संस्कृतात ‘भ्राष्ट्र’ म्हणत, त्यावरून ती आली. आज दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जात असले तरी मूळ फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण भट्टीला कायमच्या भिंती असतात, तर उघड्यावरचा आवा दर वेळी नव्याने रचावा आणि निवल्यावर मोडावा लागतो.

मडकी भाजण्याची ही क्रिया शब्दापेक्षाही जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात झालेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, वस्तीत कुंभाराची गोल भट्टी सापडली. शतपथ ब्राह्मणात ‘उखा’ या यज्ञीय अग्निपात्राला घोड्याच्या लिदीची धुरी देऊन, ते खड्ड्यात इंधनासह भाजून, नंतर त्यात शेळीचे दूध ओतण्याचा विधी सांगितला आहे. घोड्याची लीद कुंभाराच्या मातीतही मळली जाते, पण तिचे तिथले काम वेगळे आहे: लिदीतले बारीक तंतू आगीत जळून गेले की मातीत सूक्ष्म छिद्रे उरतात आणि त्यांतून वाफेला वाट मिळते.

या वाफेची धास्ती हेच आव्याच्या साऱ्या तयारीचे कारण आहे. वरून कोरडे ठणठणीत दिसणाऱ्या मडक्याच्या जाडीत ओल राहिली असेल आणि आच एकदम चढली, तर त्या पाण्याची वाफ होऊन मडके फुटते, आणि त्याचे तुकडे शेजारच्या मडक्यांनाही घेऊन जातात. म्हणून मडकी आधी सावलीत व मग उन्हात वाळवली जातात. तळाशी गोवऱ्या, लाकडे, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, असे इंधन पसरून त्यावर मोठी मडकी आणि त्यांच्या सांदीत लहान भांडी बसवली जातात, मधूनमधून पुन्हा इंधन भरले जाते, आणि वर जुन्या फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या, गवत व राख किंवा चिखल यांचे पांघरूण घातले जाते. या पांघरुणामुळे उष्णता आत कोंडते आणि ज्वाळा भडकत नाही. सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते, आणि त्यानंतर ती माती पुन्हा कधीच पाण्यात विरघळत नाही. धुराला वाट राहिली तर मडके लाल होते, ती बुजवून धूर आत कोंडला तर काळे. एवढे सगळे आग लावण्यापूर्वीच्या रचनेने ठरत असल्याने, घरातल्या बायका-पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांचे हात त्या रचनेत लागतात. आवा एकट्याचे काम मानणे हे या कारागिरीचे अर्धवट आकलन आहे.

निवल्यानंतर राखेतून काढलेल्या प्रत्येक मडक्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली जाते. नीट भाजलेले टणटण वाजते, कच्चे किंवा तडा गेलेले बद्द आवाज करते. तेरचे कुंभार संत गोरोबाकाका यांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चे ठरवल्याची आख्यायिका याच पारखीवर उभी आहे. थापटणे मुळात ओले मडके ठोकून वाढवण्याचे लाकडी साधन असले, तरी परंपरेने त्याला पारख करायला लावले, हे विशेष.

शहरात मात्र आव्याची जागा भट्टीने घेतलेली दिसते. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात, जिथे बहुतेक घराणी सौराष्ट्रातून आली, तिथे घरांच्या मधल्या जागेत विटांच्या बुटक्या भिंतींच्या भट्ट्या आहेत. गोवऱ्यांच्या जागी कापडाच्या व कापसाच्या टाकाऊ चिंध्या आणि लाकडाचे तुकडे जळतात, आणि एकाच भट्टीत आळीपाळीने कित्येक कुटुंबांचा माल भाजला जातो.