ग्रेगरी, टोनी

(५ डिसेंबर १९४७ – २ जानेवारी २००९). आयर्लंडमधील अपक्ष राजकारणी. डब्लिनचे नगरसेवक व १९८२ पासून मृत्यूपर्यंत डॉलचे (आयरिश संसदेचे कनिष्ठ सभागृह) सदस्य. उत्तर डब्लिनमधील बॅलीबॉक या कामगारवस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील बंदरात गोदामकामगार होते. शिक्षणानंतर ते आयरिश भाषा व इतिहास शिकवू लागले. तरुणपणी ते ऑफिशियल शिन फेन या डाव्या प्रजासत्ताकवादी पक्षात होते. पण पुढे कोणत्याच पक्षात राहिले नाहीत. राहत्या भागातील घरांच्या प्रश्नावर काम करत ते १९७९ मध्ये डब्लिन नगर परिषदेवर अपक्ष म्हणून निवडून आले.

फेब्रुवारी १९८२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत डब्लिन मध्य मतदारसंघाने त्यांना डॉलमध्ये पाठवले. १६६ सदस्यांच्या सभागृहात फिआना फॉल पक्षाला ८१ जागा मिळाल्याने पक्षनेते चार्ल्स हॉही यांना सरकार बनवण्यासाठी बाहेरच्या मतांची गरज होती. फिने गेल पक्षाचे गॅरेट फिट्झगेराल्ड यांनीही ग्रेगरींशी बोलणी केली. अखेर हॉहींनी लेखी करारावर सही केली आणि ग्रेगरींनी त्याचा मजकूर ९ मार्च रोजी सभागृहात वाचून दाखवला. बंद दाराआडची देवघेव अशी उघड नोंदवली जाणे, हेच या ‘ग्रेगरी करारा’चे खरे वेगळेपण. सुमारे १० कोटी पौंडांच्या या करारात शहराच्या जुन्या भागासाठी घरे व रोजगार, क्लोंडाल्किन कागद गिरणीचे राष्ट्रीयीकरण आणि बंदरालगतची २७ एकर जागा सार्वजनिक मालकीत आणणे ही प्रमुख कलमे होती. सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोसळल्याने बरेच काम अपुरे राहिले. करारातील बंदरालगतच्या जागेवर, म्हणजे कस्टम हाउस गोदीच्या परिसरात, पुढे आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र उभे राहिले. एका अपक्षाने आपल्या मताच्या बदल्यात देशाच्या तिजोरीला वेठीस धरले, अशी टीका त्या वेळी झाली. मात्र जुन्या शहरभागाची दशकानुदशके झालेली उपेक्षा पाहता ती न्याय्य वाटत नाही.

१९८० च्या दशकात त्यांच्या मतदारसंघात हेरॉइनने थैमान घातले. ग्रेगरींनी पालकांच्या अमली पदार्थविरोधी चळवळीला साथ दिली आणि या व्यापारातून कमावलेली मालमत्ता जप्त करण्याची मागणी लावून धरली. असे अधिकार असलेला विभाग अखेर १९९६ मध्ये स्थापन झाला. रस्त्यावर माल विकणाऱ्या बायकांच्या आंदोलनात भाग घेतल्याबद्दल १९८६ मध्ये त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. मतदारांपैकी अनेकांना टाय परवडत नाही, म्हणून सभागृहात ते टाय न लावता येत. हे त्यांचे साधेपण मतदारांनी मनापासून स्वीकारले आणि प्रत्येक निवडणुकीत त्यांना निवडून दिले.

त्यांच्या निधनानंतर जून २००९ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या सहकारी मॉरीन ओ’सलिव्हन अपक्ष म्हणून विजयी झाल्या आणि २०२० पर्यंत त्यांनी ही जागा राखली.