व्यापारातील गुरू : शेठ वालचंद यांच्या चरित्रातील एक पान

विद्या व कला यांच्या प्रांतात गुरूचे स्थान सर्वमान्य आहे. व्यापाराच्या प्रांतात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः आपल्या पूर्वजांच्या पेढ्या गुरुपरंपरेवरच उभ्या होत्या. शेठजींचा मुलगा शाळा संपताच गादीवर बसत नसे. प्रथम तो मुनीमजींच्या शेजारी बसून रोजमेळ लिही, खतावणी करी, ताग्यावर हात फिरवून पोत ओळखण्यास शिके आणि उधारी कोणास द्यावी, कोणास नम्रपणे नाकारावी, हे निरीक्षणाने जाणून घेई. वाणिज्य शाखेच्या पदवीने मला ताळेबंद शिकविला. गिऱ्हाइकाची पारख मात्र दुकानातील वृद्ध मंडळींनीच शिकविली.

या दृष्टीने आपल्या समाजाचे भूषण शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे. त्यांच्या जहाजांची व कारखान्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी काम कोणाच्या सोबतीने शिकून घेतले, याकडे फारसे लक्ष जात नाही.

वालचंदांचा जन्म १८८२ साली सोलापूर येथे झाला. मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे हे दिगंबर जैन घराणे सावकारी व कापसाचा व्यापार करी. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून वालचंद घरच्या व्यवसायात आले. पण तेथे त्यांचे मन रमेना. घराण्याची पत पाठीशी होती. उणीव होती ती नव्या धंद्याच्या ज्ञानाची. ती भरून काढली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांनी. फाटक हे पूर्वी कारकुनी केलेले व पुढे रेल्वेच्या ठेक्यांकडे वळलेले गृहस्थ. दोघांनी भागीदारी केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम हाती घेतले. अवघ्या अडीच फूट रुंदीच्या त्या रुळांवर एका मोठ्या उद्योगपर्वाचा प्रारंभ झाला.

ठेकेदारी हा पेढीवर बसून शिकण्याचा धंदा नव्हे. माती किती उपसावी लागेल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. मजुरी वेळच्या वेळी चुकवावी लागते आणि सरकारी देयक मात्र मोजमाप झाल्यावरच हाती येते. मधल्या काळात भांडवल अडकून पडते. असे ज्ञान जाणकाराच्या सहवासातच मिळते. विशेष असे की, भागीदारीचे नाव ‘फाटक-वालचंद’ होते. शेठांच्या घराण्याची पत मोठी असूनही जाणकाराचे नाव आधी होते. गुरू आपल्याच जातीचा, नात्यातला अथवा आपल्याहून धनवान असला पाहिजे, हा समज येथे गळून पडतो.

पुढे भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे वालचंदांनी पार पाडली. १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली, तेव्हा ते यशस्वी ठेकेदार होते. तरीही अध्यक्षपदी आले ते कापड गिरणीच्या व्यवसायातील प्रतिष्ठित घराण्याचे नरोत्तम मोरारजी. ५ एप्रिल १९१९ रोजी कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीस जेरीस आणले. त्या कठीण काळात वालचंदांनी नरोत्तमशेठांच्या अध्यक्षतेखाली काम केले आणि १९२९ साली त्यांचे अपघाती निधन झाल्यावरच अध्यक्षपदाची धुरा स्वीकारली. विमानांचा कारखाना काढण्याचे मनात आले, तेव्हा विल्यम पॉली या अमेरिकन जाणकाराचे साहाय्य त्यांनी घेतले आणि १९४० साली बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. प्रत्येक नव्या धंद्याच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी होत असत.

यातून आपल्या तरुणांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मार्गदर्शक शोधताना त्याची श्रीमंती न पाहता, आपणास जे येत नाही ते त्याने स्वतः केले आहे काय, हे पाहावे. त्याच्यापुढे खरी वही उघडावी. येणे फुगवून व देणे झाकून सल्ला मागणाऱ्यास खोटाच सल्ला मिळतो. सल्ला ऐकावा, पण निर्णयाचा भार स्वतःच्या खांद्यावर घ्यावा. तोटा झाल्यास तो आपल्याच खाती मांडला जातो. आणि ज्याच्या ज्ञानावर नफा झाला, त्याचा वाटा व त्याचे नाव विसरू नये.

आज मुनीमजींची गादी बहुतेक पेढ्यांतून उठली आहे. हिशेब संगणक ठेवतो. पण पडत्या बाजारात माल धरावा की सोडावा, हा प्रश्न तरुण दुकानदारास एकट्यानेच सोडवावा लागतो. विचारले तर अडचणीत आहे असा बोभाटा होईल, या भीतीने तो विचारत नाही. आणि न विचारता सल्ला कसा द्यावा, म्हणून ज्येष्ठही गप्प राहतात. या मौनात कितीतरी चांगली दुकाने बंद पडतात. आपल्या ज्येष्ठ व्यापारी बंधूंनी महिन्यातील काही तास तरुणांसाठी राखून ठेवावेत, कानावर आलेली गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये आणि तरुणांनी संकोच सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसावे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजास याहून मोलाची देणगी दुसरी कोणती असेल?